वरुड-मोर्शीचा संत्रा: बगीचे कसे उभे राहिले, का तुटले, आणि ४ एकरात परत लावायचा का

भाऊ, तुम्ही विचारलंय की मोर्शी तालुक्यातला वडिलांच्या हातचा ४ एकराचा बगीचा यंदा काढावा लागला, आजोबांच्या काळात याच संत्र्यावर घर उभं राहिलं होतं, मग मधल्या काळात बिघडलं काय आणि आता परत संत्रा लावायचा की नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे, म्हणून जरा लांबून सांगतो. मी वरुड भागातलाच, घरचा बगीचा आहे, पन्हेरीचं (कलमांच्या रोपवाटिकेचं) काम पण घरात आहे आणि इतकी वर्षं लोकांचे बगीचे बघत फिरतो, त्यावरून बोलतोय. माझं म्हणणं एकच आहे. आपल्याकडे जमीन आणि पाणी बघून लावलेलं झाड पिढीभर टिकलं, आणि अनुदान किंवा शेजाऱ्याचा भाव बघून लावलेलं झाड दहा-बारा वर्षांत गेलं. बाकीची बरीच कारणं याच्याच पोटातली आहेत.

सुरुवात सगळ्यांना माहीत आहे तशीच सांगतात, की अठराव्या शतकाच्या शेवटाला नागपूरकर रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादहून संत्र्याची रोपं आणून आपल्या बागेत लावली. तिथून तो सरदार-मानकऱ्यांच्या बागांत गेला आणि मग हळूहळू गावोगावच्या विहिरींवर. तोपर्यंत ते हौसेचं, बागेतलं झाड होतं, धंदा नव्हता. भोसल्यांचं राज्य १८५४ ला इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरपर्यंत आली, तेव्हापासून फळ बाहेरगावी जायची सोय झाली. पण त्या काळात वऱ्हाडात जिकडेतिकडे कापूस होता, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला जो भाव आला त्यानंतर कास्तकार सहजासहजी दुसऱ्या पिकाकडे बघायला तयार नव्हता. संत्रा लागला तो ज्याच्याकडे बारमाही विहीर आणि मोट ओढायला बैल होते त्याच्याच वावरात. म्हणजे एका अर्थाने पाण्यानेच ठरवलं की संत्रा कोण लावणार.

खरा फरक पडला तो १९२० च्या दशकात, नागपूर-इटारसी रेल्वे लाईन पूर्ण झाली तेव्हा. काटोल, नरखेड, पांढुर्णा ही सगळी त्या लाईनवरची स्टेशनं, आणि आजही नकाशा काढून बघा, संत्र्याचा दाट पट्टा त्याच्या दोन्ही अंगाला दिसेल. पश्चिमेला वर्धा नदी ओलांडली की वरुड, मोर्शी, पुढे चांदूर बाजार, अचलपूर, वर मध्य प्रदेशात सौंसर-पांढुर्णा. बैलगाडीने माल स्टेशनवर, तिथून वॅगनने दिल्लीकडे. वरुड-मोर्शी त्या वेळी वऱ्हाडात आणि काटोल-नरखेड नागपूर जिल्ह्यात, पण संत्र्याच्या बाबतीत हा एकच प्रदेश होता आणि सोयरीकही एकमेकांत. आता तर नरखेड-अमरावती लाईनवरच्या आपल्या स्टेशनचं नावच वरुड ऑरेंज सिटी आहे.

संत्रा इथेच का जमला हे नीट समजून घ्या, कारण तुमचा निर्णय यावरच आहे. सातपुड्याच्या पायथ्याची जमीन म्हणजे वर दोन-तीन फूट, कुठे चार फूट काळी किंवा मध्यम काळी माती आणि खाली मुरूम. पावसाचं पाणी मुरुमातून खाली निघून जायचं, मुळाशी थांबायचं नाही, आणि तेच पाणी डोंगरातून येणाऱ्या नाल्यांच्या पाण्यासोबत विहिरीत उतरायचं. तीस-चाळीस फुटाच्या विहिरीवर उन्हाळा निघायचा. संत्र्याच्या झाडाला पाणी पाहिजे पण मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, आणि हे दोन्ही ज्या मातीत जमतं तशी माती सगळीकडे नाही. जुन्या लोकांनी माती परीक्षण केलं नव्हतं, पण विहीर खोदताना निघालेला थर डोळ्यासमोर असायचा, त्यावरून कुठल्या धुऱ्याला संत्रा लावायचा आणि कुठे कापूस-तुरीच बऱ्या हे त्यांना कळायचं. तुमच्या आजोबांनी पूर्ण वावरात संत्रा लावला होता का ते घरात विचारून बघा, बहुतेक नसेल.

आता कलमांचं. वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट हे गाव नसतं तर हा उद्योग इतका वाढलाच नसता, हे मी मनापासून म्हणतो. तिथे घरोघर पन्हेरी. जंबेरी लिंबाच्या पिकलेल्या फळातून बी काढायचं, याचं रोप म्हणजे कलमाचा खालचा खुंट, ते ताजं असतानाच वाफ्यात टाकायचं कारण सुकलं की उगवण जाते, मग रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात अंतरावर लावायचं, खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की हिवाळ्यात त्यावर संत्र्याचा डोळा (फांदीवरची कोंब फुटायची जागा) भरायचा. डोळा भरणारा माणूस उकिडवा बसून रांगेने सरकत जातो, चाकूच्या टोकाने सालीवर टी आकाराची चीर, चाकूच्या मागच्या बाजूने साल सैल करायची, फांदीवरून ढालीसारखा कापलेला डोळा आत सरकवायचा आणि पट्टी गुंडाळायची, बोलता बोलता दुसऱ्या रोपावर. डोळ्याच्या आतल्या बाजूला माती किंवा हाताचा घाम लागला तर डोळा मरतो, त्यामुळे चांगला कारागीर डोळा कडेनेच धरतो. दिवसाला शेकड्याने रोपं करणारे हात आहेत तिथे आणि हे काम बापाकडून पोराकडे आलेलं आहे. इथून कलमं सगळ्या विदर्भात गेली, मध्य प्रदेशात गेली, राजस्थानात झालावाड-भवानीमंडीकडे आज जो संत्रा पिकतो तो पण नागपुरीच आहे. बगीचेवाले कुणबी-माळी कास्तकार, कलम बांधणारे, तोड्याला जाणाऱ्या मजूर बाया, बागवान व्यापारी, ट्रकवाले, पूर्वी टोपल्या विणणारे आणि पेट्या ठोकणारे, हा सगळा समाज या एका झाडावर उभा राहिला. नुसत्या बगीचा मालकांचा इतिहास सांगितला तर अर्धाच होतो.

संघटना पण लवकर झाली होती. नोगा नावाचं स्क्वॅश-जॅम-केचप आपण लहानपणापासून बघतो, ते नाव नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनचं आहे, म्हणजे संत्रा उत्पादकांचीच संस्था. पुढे ती महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेली. कास्तकारांनी स्वतः प्रक्रियेचा विचार इतक्या आधी केला होता याचा मला अभिमान वाटतो, आणि ती गोष्ट त्यांच्या हातात राहिली नाही याचं वाईट पण तितकंच वाटतं, कारण नंतरची सगळी रड विक्रीचीच आहे. त्यावर पुढे येतो.

साठ-सत्तरच्या दशकात गावात वीज आली, मोट गेली, विहिरीवर मोटरपंप बसले. तुमच्या आजोबांचा जो सुगीचा काळ म्हणता तो हाच. पाणी वर काढायची मेहनत कमी झाली आणि खाली पाणी अजून भरपूर होतं. लोकांनी माड्या बांधल्या, पोरं नागपूर-अमरावतीला शिकायला ठेवली, वरुड भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणायला लागले. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ ला झालं, काटोलला त्यांचं फळ संशोधन केंद्र आहे, आणि ऐंशीच्या दशकात नागपूरला अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं, आता त्याला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणतात. कोळशीने बगीचेच्या बगीचे काळे पडायचे, पानं अशी दिसायची की काजळी फासली आहे, ती काळी माशीच्या चिकट्यावर वाढणारी बुरशी आहे, फवारणी माशीच्या पिल्लांवर कधी घ्यायची हे सगळं लोकांना या काळात कळलं.

मग १९९० आलं. रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड, खड्ड्यापासून रोपापर्यंत सरकारचे पैसे. महाराष्ट्रभर या योजनेने फार मोठं काम केलं, कोकणात आंबा-काजू, सोलापूर-नगरकडे डाळिंब-बोर, ते मी नाकारत नाही. पण आपल्याकडे काय झालं, की ज्याच्या विहिरीला मार्चपर्यंतच पाणी आहे त्यानेही संत्रा लावला, ज्याच्या वावरात सहा-आठ फूट काळी चोपण माती आहे आणि खाली मुरूम लागतच नाही त्यानेही लावला, चुनखडीच्या जमिनीतही लावला. चुनखडी जास्त असली की झाडाला लोह-जस्त मिळत नाही, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, कितीही मायक्रोन्यूट्रिएंट मारा, सहा महिन्यांनी परत तेच. विदर्भात आज सव्वा-दीड लाख हेक्टरच्या घरात संत्रा आहे असं म्हणतात, पण हेक्टरी सरासरी दहा टनाच्या आत-बाहेर रेंगाळते आणि बाहेरच्या देशात पंचवीस-तीस टन काढतात, त्यातला मोठा वाटा या चुकीच्या जागी उभ्या असलेल्या झाडांचा आहे.

इतकी रोपं एकदम लागणार म्हटल्यावर पन्हेरीवर काय ताण आला असेल विचार करा. डोळा जमिनीपासून नऊ इंच-फूटभर वर भरायला पाहिजे. का, तर जंबेरीचं खोड डिंक्याला (साल कुजून डिंक गळायच्या रोगाला) जरा तरी दम धरतं, संत्र्याचं खोड अजिबात नाही. डोळा चार बोटांवर भरला की रोप लवकर तयार होतं, वाकायचं तेवढंच, पण तेच रोप वावरात लावल्यावर, त्यात आपली मातीची भर द्यायची सवय, जोड मातीत जातो. पावसाळ्यात काळी माती ओली, फायटोप्थोरा बुरशी तिथेच बसलेली, साल कुजते, डिंक गळतो, एका बाजूच्या फांद्या पिवळ्या पडतात. लोक वर फवारणी करत राहतात आणि झाड खालून मरत असतं. तुम्ही काढलेल्या झाडांचे बुंधे अजून बांधावर पडले असतील तर एकाचा जोड बघा आणि त्याच्या खालची साल चाकूने खरवडून बघा, तपकिरी काळी आणि वास येणारी निघाली तर तुमचा बगीचा कशाने गेला ते कळेल. मातृवृक्ष कुठला होता, त्यात ट्रिस्टेझा किंवा ग्रीनिंग हे डोळ्यातून पसरणारे रोग होते का, हे त्या काळात कोण विचारत होतं, जिथून डोळे मिळाले तिथून काड्या आणल्या.

पाण्याची गोष्ट याच्याच जोडीला. झाडं वाढली, विहिरी आटल्या, मग विहिरीत आडवे-उभे बोअर, मग सरळ वावरात बोअर. आधी दोनशे फूट, मग चारशे, आता वरुड भागात आठशे-हजार फुटांच्या गोष्टी लोक सहज करतात. एकाने खोल मारला की शेजाऱ्याचं पाणी जातं, म्हणून तो अजून खोल मारतो, आणि कर्ज दोघांच्याही डोक्यावर. वरुड तालुका डार्क झोनमध्ये, म्हणजे भूजलाचा अति उपसा झालेल्या भागात गेला. वाईट उन्हाळ्यात टँकरने बगीचे जगवले लोकांनी, बायकांचे दागिने गहाण ठेवून टँकर आणलेत, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तर वरुड-मोर्शीत उभे बगीचे वाळले. जे झाड पाच-सहा वर्षं पोराबाळासारखं सांभाळलं आणि आता कुठे फळावर आलं ते मे महिन्यात डोळ्यासमोर वाळताना बघणं काय असतं हे मी गावोगाव बघितलंय, त्या माणसाला तुम्ही कुठला सल्ला देऊ शकत नाही. शेजारीच अप्पर वर्धासारखं मोठं धरण आहे, पण धरण जवळ असलं म्हणजे आपल्या वावरात पाणी आलं असं होत नाही.

बहाराचं, म्हणजे झाडाला फुलं कधी आणायची याचं पण सांगितलं पाहिजे कारण नवीन पिढीला वाटतं संत्रा आपोआप फुलतो. आपल्याकडे हिवाळ्याची थंडी झाडाला थोडी विश्रांती देते आणि बाकीची विश्रांती आपण पाणी तोडून देतो. आंबिया बहारासाठी डिसेंबरपासून ताण, हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी जमिनीत दीड-दोन महिने. पानं दुपारी मलूल होतात, मग सकाळीसुद्धा ताजी दिसत नाहीत, थोडी पानगळ होते, तेव्हा समजायचं ताण बसला. मग खत, आणि पहिलं पाणी हलकं, एकदम भरपूर दिलं तर फुलाऐवजी नुसती नवती (कोवळी पालवी) फुटते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलं, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फळ. दुसरा मृग बहार, त्याचा ताण एप्रिल-मेमध्ये, फुलं जून-जुलैच्या पावसावर आणि फळ फेब्रुवारी ते एप्रिल, तेव्हा बाजारात माल कमी म्हणून भाव बरा. ज्याच्याकडे उन्हाळ्यात पाणी नाही त्याला मृग परवडतो, म्हणून पाणी घटलं तसे लोक मृगाकडे सरकले. आणि नेमका मृगच अलीकडे दगा देतो. मेमध्ये अवकाळी पडला की ताण मोडतो, जूनमध्ये पाऊस लांबला की ताण इतका होतो की झाडच खचतं. आंबियाला फेब्रुवारी-मार्चची गारपीट आहेच, २०१४ ची गारपीट कोण विसरेल. पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरात सततच्या पावसाने फळगळ, बगीच्यात सकाळी गेलं की झाडाखाली हिरव्या फळांचा सडा. त्यात रस शोषणारे पतंग रात्री येतात, फळाला टाचणीएवढं भोक, दोन दिवसांत फळ खाली. विमा आहे, हवामान केंद्राच्या आकड्यावर आहे, केंद्र तुमच्या गावापासून लांब असलं की गार तुमच्या वावरात पडते आणि आकडा तिकडचा लागतो.

आता विक्री. आपला कास्तकार झाड वाढवण्यात कोणाला ऐकणार नाही, पण फळ विकायच्या बाबतीत आपण शंभर वर्षांत फार पुढे गेलो नाही. बगीचा उभाच विकायचा ही पद्धत. व्यापारी दलालाला घेऊन येतो, चार ओळी फिरतो, चांगल्या-वाईट काही झाडांवरची फळं नजरेने मोजतो, इतके हजार निघतील म्हणतो, हजाराचा भाव नाहीतर एकमुस्त रक्कम ठरते, इसार हातावर ठेवतो आणि जातो. भाव चढला तर दुसऱ्याच दिवशी तोडा लागतो. भाव पडला तर फोन उचलत नाही, किंवा माल झाडावर पिकून सैल पडेपर्यंत थांबतो आणि मग छाट (नापास माल) जास्त काढतो. सगळे व्यापारी असे नाहीत, आमचे पिढ्यान्पिढ्यांचे संबंध असलेले व्यापारी आहेत जे शब्दाला जागतात, अडचणीला पैसे पण देतात. पण व्यवहार कागदावर नाही, आणि नुकसान झालं तर ते कास्तकाराच्याच पदरात येतं. वजनावर विका, टनाचा भाव करा असं गेली कित्येक वर्षं सांगतोय, आता कुठे कॅरेट-काट्यावर लोक यायला लागलेत.

दिल्लीचा बाजार आपला हक्काचा होता, तिथे पंजाबचा किन्नो आला. किन्नो दिसायला चकचकीत, वॅक्स केलेला, साल घट्ट म्हणून ट्रकमध्ये दबत नाही. आपल्या संत्र्याची साल सैल, तेच त्याचं सुख, लहान लेकराला पण सोलता येतो, चवीला आंबट-गोड आणि वास असा की खोलीत सोलला तर घरभर कळतं. पण सैल साल प्रवासात मार खाते. तणस घालून ट्रकमध्ये मोकळा भरलेला माल तीन दिवसांनी उतरवला की खालचा थर बघवत नाही. २०१४ ला नागपुरी संत्र्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं, पण नुसत्या जीआयने पॅकिंग होत नाही. ज्या ठिकाणी ग्रेडिंग-वॅक्सिंग करून बॉक्समध्ये माल जातो तिथे फरक मी स्वतः बघितलाय.

दुसरा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. तिकडे आपला लहान-मध्यम माल पण चालायचा. २०१९ च्या सुमारास त्यांनी किलोला वीसेक रुपये आयात शुल्क लावलं ते वाढत वाढत २०२३ ला ८८ रुपयांपर्यंत गेलं, म्हणजे इथे बगीच्यात किलोला जो भाव मिळतो त्याच्या कितीतरी पट नुसतं शुल्क. तिकडची वाट बंद झाली की तो सगळा माल देशातल्या बाजारात येतो आणि सगळ्यांचाच भाव बसतो, तुमचा माल कधी बांगलादेशला गेला नसेल तरी तुमच्या दरावर त्याचा परिणाम झालेला आहे.

चुरीचं म्हणजे बारीक फळाचं काय करायचं यावर तर माझ्या आठवणीत प्रत्येक निवडणुकीत प्रक्रिया उद्योगाचं आश्वासन आहे. कारखाने जाहीर झाले, काही उभे राहिले, काहींना कुलपं लागली. यात राजकारण असेल, पण शास्त्र पण समजून घ्या. नागपुरी संत्र्याच्या रसात लिमोनिन असतं, रस काढून ठेवला किंवा गरम केला की काही वेळाने कडसरपणा येतो. वरून बिया. आणि माल वर्षातले चार-पाच महिने, कारखान्याला बारा महिने काम पाहिजे. म्हणून एकट्या चुरीवर कारखाना चालत नाही, त्याला बाकीची फळं आणि कडूपणा काढायची यंत्रणा लागते. २०२५ च्या मार्चमध्ये नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात पतंजलीचा मोठा प्रकल्प सुरू झाला आहे, दिवसाला ८०० टनांची क्षमता सांगतात. चुरीला तिथे बांधीव भाव मिळाला तर फायदाच आहे, मी आशेने बघतोय. पण बगीचा लावताना प्रक्रियेच्या भावावर गणित बांधू नका, तो भाव उरलेल्या मालाचा असतो.

तर तुमचे ४ एकर. माझं मत: संत्रा लावा, पण लगेच नाही आणि चारही एकरात नाही.

आधी जुन्या झाडांची मुळं जेसीबीने जेवढी निघतील तेवढी काढा आणि बाहेर नेऊन जाळा. त्या मातीत डिंक्याची बुरशी आहे असंच धरून चाला. दोन वर्षं तरी गहू, हरभरा, आणि पावसाळ्यात ताग किंवा धैंचा पेरून गाडा. मिरची, टमाटर, वांगी त्या जागी नको. उन्हाळ्यात खोल नांगरून जमीन तापू द्या. या मधल्या काळात वावरात तीन-चार ठिकाणी चार फुटांचे खड्डे घ्या आणि खाली काय लागतं ते स्वतः बघा. मुरूम लागला तर ठीक, नुसती चिकण काळी माती लागली आणि खड्ड्यातलं पाणी दुसऱ्या दिवशी पण तसंच उभं दिसलं तर तो भाग संत्र्यातून वगळा. माती तपासताना चुनखडीचं प्रमाण नक्की मागा, दहा टक्क्यांच्या वर असेल तर तिथे पण नको.

पाणी मेमध्ये मोजा, दिवाळीत नाही. ६ बाय ६ मीटरवर एकरी १११ झाडं बसतात. मोठ्या झाडाला भर उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला साधारण १५० लिटर धरा, म्हणजे एकरी साडेसोळा हजार लिटर, चार एकराला ६६ हजारांच्या वर रोज. लहान झाडाला कमी लागतं म्हणून पहिली चार-पाच वर्षं सगळं छान दिसतं, आणि पाणी कमी पडतं ते नेमकं फळ सुरू झाल्यावर. मेच्या शेवटी तुमच्या विहिरीने रोज चौतीस हजार लिटर दिलं तर दोन एकरच लावा, बाकीच्यात तूर-कापूस-हरभरा जे चालू आहे ते चालू द्या. नवीन खोल बोअरच्या भरवशावर लावत असाल तर माझा स्पष्ट नकार आहे. त्याच पैशात नाल्यावरचं पाणी विहिरीकडे मुरवायचं काम करा, शक्य असेल तर शेजारच्या दोघा-तिघांना सोबत घ्या.

रोपं स्वस्त बघून घेऊ नका, आता बंदिस्त शेडनेटमध्ये, पिशवीत वाढवलेली, तपासलेल्या मातृवृक्षाची कलमं मिळतात, नागपूरच्या संशोधन संस्थेत, विद्यापीठाकडे आणि शेंदुरजनाघाटच्या चांगल्या पन्हेऱ्यांत पण. उमरखेडचं सिट्रस इस्टेट तुमच्याच तालुक्यात आहे, तिथे पण चौकशी करा. डोळा नऊ इंचाच्या वर आहे का ते स्वतः पट्टीने बघा, खालचा असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. जमीन भारीकडे झुकणारी असेल तर खुंट रंगपूर लाइमचा घ्या, तो डिंक्याला आणि पाण्याच्या ताणाला जंबेरीपेक्षा बरा दम धरतो. लागवड सपाट नको, दीड-दोन फूट उंच गादीवाफ्यावर, दोन्ही बाजूंनी ठिबकची नळी, आणि पाणी खोडाला लागता कामा नये. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा खोडाला बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, जोडाच्या वरपर्यंत. तोडा झाल्यावर सल काढायची, तीही आळस न करता, वाळलेल्या काड्यांवरूनच रोग फळावर उतरतो.

पहिली चार वर्षं बहार धरू नका, कोणी कितीही म्हणो. आणि पहिलं पीक आलं की उभा बगीचा देण्याआधी दोन-तीन झाडं स्वतः तोडून वजन करा, म्हणजे व्यापाऱ्याशी बोलताना आकडा तुमच्या हातात असेल.

रोपांचं बुकिंग लागवडीच्या वर्षभर आधी करावं लागतं, चांगल्या पन्हेरीत ऐन जुलैला काही उरत नाही. माती तपासणीचा रिपोर्ट आला की चुनखडीचा आकडा, खड्ड्यात किती फुटांवर मुरूम लागला ते, आणि मेमधलं विहिरीचं पाणी एवढं मला कळवा, कुठल्या भागात किती ओळी बसवायच्या ते त्यावरून सांगतो.